डब्लिन वेस्ट मतदारसंघ: सीमा, जागा आणि निवडणुकांचा इतिहास (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

लिओ वराडकर पंतप्रधान झाल्यापासून त्यांच्या मतदारसंघाबद्दल मराठी वाचकांकडून प्रश्न येत राहिले आहेत. वराडकर आता राजकारणातून बाजूला झाले, पण प्रश्न काही थांबले नाहीत. त्यामुळे सगळी उत्तरं एकदाच सलग लिहून काढली आहेत. पुनरुक्ती टाळण्यासाठी प्रश्नांना क्रमांक दिले आहेत. गरज पडेल तिथे त्या क्रमांकाकडे बोट दाखवलं आहे.

१. डब्लिन वेस्ट म्हणजे नेमका कुठला भाग?

डब्लिन शहराच्या पश्चिमेची, लिफी नदीच्या उत्तरेकडची उपनगरं. ब्लँचर्ड्सटाउन, कॅसलनॉक, क्लॉनसिला, मलहडर्ट, टिरेलस्टाउन, ओंगार ही त्यातली ठळक नावं. मधून रॉयल कॅनॉल आणि त्याला बिलगून रेल्वे जाते. कॅसलनॉक, कूलमाइन, क्लॉनसिला ही स्टेशनं त्याच मार्गावरची. पलीकडे मीथ आणि किल्डेअर हे परगणे लागतात. पन्नास वर्षांपूर्वी इथे बरीचशी शेतं आणि दोन-चार जुनी खेडी होती. आज देशातल्या सर्वांत तरुण आणि सर्वांत मिश्र वस्तीच्या भागांत याची गणना होते. हे उत्तर आजच्या सीमांपुरतं खरं आहे; पूर्वी याच नावाखाली बराच वेगळा मुलूख होता (प्रश्न ६ पाहा).

२. मराठी माणसाला याच मतदारसंघाचं कौतुक का?

लिओ वराडकर २००७ ते २०२४ अशी सतरा वर्षं इथून निवडून येत होते, म्हणून. त्यांचे वडील अशोक वराडकर मुंबईचे डॉक्टर आणि मूळ गाव सिंधुदुर्गातल्या मालवण तालुक्यातलं वराड. आडनावातच गाव आहे. आई मिरियम वॉटरफर्ड परगण्यातल्या डुंगार्वनच्या. लिओ स्वतःही डॉक्टर. शिकत असताना काही काळ मुंबईच्या केईएम रुग्णालयात काम करून गेले होते. २०१७ ते २०२० आणि पुन्हा डिसेंबर २०२२ ते एप्रिल २०२४ असे दोनदा ते टीशॉक, म्हणजे आयर्लंडचे पंतप्रधान होते. २०१९ च्या डिसेंबरात कुटुंबासह वराडला आले, तेव्हा अख्खा गाव लोटला होता.

मात्र एक गैरसमज दूर करायला हवा. ते काही 'भारतीय मतांवर' निवडून आले नाहीत. पुढे प्रश्न १४ वाचलात की कळेल, इथल्या पुष्कळ भारतीयांना संसदेच्या निवडणुकीत मतच देता येत नाही.

३. एकाच मतदारसंघातून चार-पाच खासदार कसे निवडून येतात?

आयर्लंडच्या संसदेच्या कनिष्ठ सभागृहाला डॉल म्हणतात आणि तिथल्या सदस्याला टीडी. प्रत्येक मतदारसंघातून तीन, चार किंवा पाच टीडी निवडले जातात. मतदार शिक्का मारत नाही, उमेदवारांपुढे १, २, ३ असे पसंतीक्रम लिहितो. आपल्याकडे राज्यसभेची किंवा विधान परिषदेची निवडणूक आली की वर्तमानपत्रांत 'पहिल्या पसंतीची मतं', 'कोटा', 'बाद फेरी' हे शब्द येतात ना, तीच पद्धत. फरक इतकाच की आपल्याकडे ती आमदार किंवा पदवीधर वापरतात, तिथे गल्लीतला प्रत्येक मतदार वापरतो.

कोट्याचं गणित सोपं आहे. वैध मतांना जागांपेक्षा एकने जास्त असलेल्या आकड्याने भागायचं, अपूर्णांक सोडून द्यायचा आणि एक मिळवायचा. समजा ४०,००० वैध मतं पडली. चार जागा असतील तर कोटा ८,००१. पाच असतील तर ६,६६७. जागा एकने वाढली तर विजयाचा उंबरठा इतका खाली येतो. डब्लिन वेस्टमध्ये कोण जिंकलं, कोण पडलं हे समजून घ्यायचं असेल तर आधी त्या वर्षी जागा किती होत्या ते पाहावं.

४. हा मतदारसंघ कधी आणि कोणी आखला?

१९८० च्या निवडणूक दुरुस्ती कायद्याने आखला आणि १९८१ च्या निवडणुकीत पहिल्यांदा वापरला गेला. त्यामागे एक रंजक प्रकरण आहे. तोवर सीमा सरकारच ठरवत असे आणि जो सत्तेत असेल तो आपल्या सोयीने रेघा ओढत असे. १९७४ मध्ये मंत्री जेम्स टली यांनी डब्लिनचे तीन-तीन जागांचे तुकडे पाडले. हिशोब असा की तिथे फिना गेल आणि लेबर या सत्ताधारी जोडीला दोन जागा मिळतील आणि फिअना फॉलला एक. १९७७ मध्ये मतदारांनी असा काही कौल दिला की डाव साफ उलटला आणि फिअना फॉल ८४ जागा घेऊन सत्तेत आला. त्या फसलेल्या डावाला आजही 'टलीमँडर' म्हणतात. त्यानंतर सीमा सुचवण्याचं काम स्वतंत्र आयोगाकडे गेलं. डब्लिन वेस्ट हे अशा आयोगाच्या पहिल्याच आखणीतलं अपत्य.

५. जागा किती वेळा बदलल्या?

१९८१ ला पाच. १९९२ ला चार. २००२ ला तीन. २०११ ला पुन्हा चार. २०२४ ला पुन्हा पाच. त्रेचाळीस वर्षांनी मतदारसंघ जिथून निघाला त्या आकड्यावर परत आला, पण जागा तेवढ्याच असल्या तरी भूभाग तोच नाही.

तीन जागांचा काळ सर्वांत वादाचा. त्याच वर्षांत इथे घरांची कामं धडाक्यात चालू होती आणि लोकसंख्या फुगत होती. राज्यघटना सांगते की देशभर सरासरी २० ते ३० हजार लोकांमागे एक टीडी असावा आणि हे प्रमाण शक्यतो सगळीकडे सारखं असावं. २००६ च्या जनगणनेचे आकडे आले, तर इथे एका टीडीमागे ३० हजारांहून जास्त माणसं निघाली. तरीही २००७ ची निवडणूक जुन्याच सीमांवर झाली. कॅथरीन मर्फी आणि फिनिअन मॅकग्रा हे दोन अपक्ष टीडी याविरुद्ध उच्च न्यायालयात गेले. निवडणूक थांबली नाही, पण जनगणनेनंतर सीमा बदलायला इतका उशीर चालणार नाही, हा मुद्दा ठसला.

६. लूकन, बॅलीफर्मट, सोर्ड्स हे भाग डब्लिन वेस्टमध्ये होते की नव्हते?

तिन्ही होते, वेगवेगळ्या काळात. 'माझे काका डब्लिन वेस्टमध्ये मत द्यायचे, पण त्यांचं घर तर लिफीच्या दक्षिणेला', असं कुणी सांगितलं तर ते खरंच असतं.

१९८१ चा मतदारसंघ नदीच्या दोन्ही तीरांवर पसरला होता. दक्षिणेचं बॅलीफर्मट ही कामगारांची दाट वस्ती त्यात होती, लूकन आणि पामरस्टाउनही होते. नंतरच्या फेरआखण्यांत दक्षिणेचा एकेक तुकडा गळत गेला. बॅलीफर्मट डब्लिन साउथ-सेंट्रलमध्ये गेलं. २००२ ला डब्लिन मिड-वेस्ट हा नवा मतदारसंघ निघाला आणि लूकन तिकडे गेलं. पामरस्टाउनही पुढे तिकडेच.

मग उलटं झालं. २०११ साठी चौथी जागा द्यायची तर माणसं हवीत, म्हणून विमानतळाच्या बाजूने सोर्ड्सचा काही भाग जोडला. सोर्ड्सचे लोक वैतागले, आणि ते साहजिकच होतं. त्यांचा बाजार, शाळा, बस सगळं उत्तरेकडे, आणि टीडी मात्र ब्लँचर्ड्सटाउनचा. २०१६ च्या निवडणुकीआधी तो भाग डब्लिन फिंगलमध्ये परत गेला.

माझ्या मते या मतदारसंघाच्या इतिहासातली खरी गोष्ट हीच. बॅलीफर्मट गेलं तेव्हा तिथल्या मतांवर उभा असलेला डावा पक्षही गेला. लूकन गेलं तेव्हा तिथला पुढारी गेला. उरलेल्या भागात नवी वस्ती आली आणि तिने आपले वेगळे पुढारी घडवले.

७. डब्लिन वेस्ट, डब्लिन मिड-वेस्ट आणि डब्लिन काउंटी वेस्ट एकच का?

नाही. काउंटी वेस्ट १९७७ ते १९८१ इतकाच टिकला. तीन जागांचा, टलींच्या आखणीतला. मिड-वेस्ट २००२ पासूनचा, लिफीच्या दक्षिणेचा. जुने निकाल शोधताना लोक या नावांची हमखास गल्लत करतात.

८. इथून कोणकोण निवडून आलं?

पूर्ण यादी देत नाही, ठळक माणसं सांगतो.

फिअना फॉलकडून सुरुवातीला ब्रायन लेनिहन थोरले. १९८७ ते १९९० ते टॉनिश्ता, म्हणजे उपपंतप्रधान होते. १९८९ च्या निवडणुकीच्या वेळी यकृत प्रत्यारोपणासाठी ते अमेरिकेत होते, तरी इथून निवडून आले. त्यांच्या मृत्यूनंतर त्याच जागेवर मुलगा, ब्रायन लेनिहन धाकटे. २००८ च्या आर्थिक संकटात अर्थमंत्रिपद त्यांच्याकडे होतं. २०११ मध्ये त्यांच्या पक्षाचं पानिपत झालं. डब्लिनमधल्या ४७ जागांपैकी फिअना फॉलला एकच मिळाली, ती यांची. कर्करोगाने त्याच वर्षी जूनमध्ये त्यांचं निधन झालं आणि राजधानीत पक्षाचा एकही टीडी उरला नाही.

त्याच पक्षाचे लिअम लॉलर यांचा किस्सा वेगळा. भ्रष्टाचाराची चौकशी करणाऱ्या न्यायाधिकरणाला सहकार्य केलं नाही म्हणून ते २००१ मध्ये टीडी असतानाच तुरुंगात जाऊन आले.

डाव्यांची परंपरा इथे जुनी आहे. वर्कर्स पार्टीचे टोमास मॅक गिओला १९८२ ते १९९२. समाजवादी जो हिगिन्स १९९७ ते २००७ आणि पुन्हा २०११ ते २०१६. हिगिन्स पगारातून फक्त सरासरी कामगाराइतकी रक्कम स्वतःकडे ठेवत आणि २००३ मध्ये कचरापट्टीविरोधी आंदोलनात महिनाभर तुरुंगात होते. लेबरच्या जोन बर्टन १९९२ ला आल्या, १९९७ ला पडल्या, २००२ ला परतल्या आणि २०१४ ते २०१६ टॉनिश्ता झाल्या. वराडकरही मधल्या काळात टॉनिश्ता होते. म्हणजे एका मतदारसंघातून तीन उपपंतप्रधान.

९. १९९० च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत तीनपैकी दोन उमेदवार इथलेच होते, हे खरं का?

खरं आहे. फिअना फॉलचे लेनिहन थोरले आणि फिना गेलचे ऑस्टिन करी, दोघेही त्या वेळी डब्लिन वेस्टचे टीडी. करी मूळचे उत्तर आयर्लंडमधले, तिथल्या नागरी हक्क चळवळीतले आणि एसडीएलपी पक्षाच्या संस्थापकांपैकी एक. १९८९ मध्ये ते सीमा ओलांडून इथे उभे राहिले आणि जिंकले.

लेनिहन यांचा विजय ठरलेलाच मानला जात होता. पण १९८२ मध्ये राष्ट्राध्यक्षांना केलेल्या दूरध्वनींबद्दल ते आधी एक बोलले आणि नंतर त्याच्या उलट बोललेली ध्वनिफीत बाहेर आली. मतदानाला आठवडा उरला असताना पंतप्रधान हॉही यांनी आपल्या या जुन्या मित्राला मंत्रिमंडळातून काढलं. तरीही पहिल्या पसंतीत ४४ टक्के घेऊन लेनिहन पुढे होते. करी तिसरे आले, बाद झाले, आणि त्यांच्या दुसऱ्या पसंतीच्या मतांनी मेरी रॉबिन्सन देशाच्या पहिल्या महिला राष्ट्राध्यक्ष झाल्या. एका शेजाऱ्याच्या मतांनी दुसऱ्या शेजाऱ्याला पाडलं, असं म्हणा हवं तर.

१०. पोटनिवडणुकीत झाडं लावून परत उपटल्याची गोष्ट काय आहे?

साल १९८२. हॉही यांचं सरकार अल्पमतात, एकेक जागा मोलाची. त्यांनी विरोधी फिना गेलचे इथले टीडी डिक बर्क यांनाच युरोपीय आयोगाचं बडं पद देऊ केलं. बर्क गेले की जागा रिकामी, पोटनिवडणुकीत आपण जिंकू, असा बेत. २५ मे १९८२ ला मतदान झालं. फिअना फॉलने आयलीन लेमास यांना उभं केलं, पण जिंकले फिना गेलचे नवखे लिअम स्केली. पदही गेलं आणि जागाही मिळाली नाही; तेलही गेलं, तूपही गेलं. सरकार त्याच वर्षी नोव्हेंबरात कोसळलं. प्रचाराच्या दिवसांत एका वसाहतीत रस्त्याकडेला झाडं लावली आणि निकाल लागल्यावर माणसं येऊन ती उपटून घेऊन गेली, हा किस्सा आयर्लंडमध्ये राजकारणाच्या गप्पांत आजही निघतो.

बाकीच्या तीन पोटनिवडणुका थोडक्यात. एप्रिल १९९६ मध्ये, थोरल्या लेनिहन यांच्या निधनानंतर, धाकटे लेनिहन जिंकले. पाणीपट्टीविरोधी आंदोलनाचे नेते जो हिगिन्स जेमतेम अडीचशे मतांनी मागे राहिले. त्या धक्क्याने सरकार हादरलं आणि वर्षअखेरीस पाणीपट्टी रद्द करण्याचा निर्णय झाला. हरलेल्या उमेदवाराने जिंकणाऱ्यापेक्षा जास्त मिळवलं असं क्वचित होतं. ऑक्टोबर २०११ मध्ये लेबरचे पॅट्रिक नल्टी आले. सत्तेतल्या पक्षाने पोटनिवडणूक जिंकण्याची ती १९८२ नंतरची पहिलीच वेळ. पण अर्थसंकल्पावरून दोन महिन्यांतच त्यांनी सरकारविरोधात मत दिलं. २०१४ ला त्यांनी राजीनामा दिला आणि त्या मे महिन्यात समाजवादी रूथ कॉपिंजर निवडून आल्या.

११. इथे ईव्हीएमवर मतदान झालं होतं का?

एका सार्वत्रिक निवडणुकीत, २००२ साली. डब्लिन वेस्ट, डब्लिन नॉर्थ आणि मीथ हे तीन मतदारसंघ प्रयोगासाठी निवडले होते. यंत्रं डच बनावटीची. हाताने मोजायला दोन-दोन दिवस लागतात ते काम रात्रीत झालं, पण लोकांना ते रुचलं नाही. आयर्लंडमध्ये मतमोजणी हा उत्सव असतो. कठड्यापलीकडून वाकून मतपत्रिकांचा अंदाज बांधणारे पक्षांचे कार्यकर्ते पहिल्या तासाभरात निकाल सांगतात. यंत्राने ही गंमत संपवली आणि पडलेल्या उमेदवारांना मनाची तयारी करायलाही वेळ ठेवला नाही. ऑस्टिन करी यांची इथली जागा त्याच निवडणुकीत गेली.

पुढे देशभरासाठी यंत्रं घेतली गेली. पण कागदी पुरावा नाही म्हणून आक्षेप आले आणि २००४ मध्ये या यंत्रांची तपासणी करणाऱ्या आयोगाने ती वापरायची शिफारस करायला नकार दिला. साठवणुकीसह पाच कोटी युरोंच्या वर खर्च होऊन २०१२ मध्ये यंत्रं भंगारात गेली. आज सगळीकडे कागद आणि पेन्सिल.

१२. वराडकर पंतप्रधान असताना स्वतःच्याच मतदारसंघात दुसरे आले?

पहिल्या पसंतीच्या मतांत, हो. फेब्रुवारी २०२० मध्ये शिन फेन पक्षाचे पॉल डॉनेली साडेबारा हजारांच्या आसपास मतं घेऊन पहिल्याच फेरीत निवडून आले. वराडकर यांना साधारण साडेआठ हजार मिळाली, कोट्याला थोडी कमी पडली आणि पाचव्या फेरीत त्यांचा विजय जाहीर झाला. हा पराभव नव्हे; चार जागांपैकी एक त्यांना मिळाली. पण पदावरचा टीशॉक पहिला येत नाही, याचा बभ्रा व्हायचा तो झालाच. जोन बर्टन आणि कॉपिंजर दोघीही त्या वेळी पडल्या.

मार्च २०२४ मध्ये त्यांनी पद सोडत असल्याचं जाहीर केलं, तेव्हा पोटनिवडणूक का झाली नाही, असंही विचारतात. पंतप्रधानपद सोडलं, टीडीपद नाही. डॉल विसर्जित होईपर्यंत ते साधे टीडी राहिले.

१३. आता इथले टीडी कोण?

२९ नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीत पाच जण आले: फिअना फॉलचे जॅक चेंबर्स, फिना गेलच्या ईमर करी, शिन फेनचे पॉल डॉनेली, पीपल बिफोर प्रॉफिट–सॉलिडॅरिटीच्या रूथ कॉपिंजर आणि ग्रीन पार्टीचे नेते रॉडरिक ओ'गोर्मन. ईमर या ऑस्टिन करी यांच्या कन्या. ओ'गोर्मन यांच्या पक्षाची देशभर वाताहत झाली आणि ते एकटेच उरले. चार जागा असत्या तर ते टिकले असते का, हा प्रश्न ३ मधल्या गणिताचा चांगला गृहपाठ आहे.

१४. मी ब्लँचर्ड्सटाउनला राहतो, पासपोर्ट भारतीय. मला मत आहे का?

डॉलसाठी नाही. तिथे फक्त आयरिश आणि ब्रिटिश नागरिकांना मत. पण स्थानिक निवडणुकीत नागरिकत्वाची अट नाही. वय १८ पूर्ण असेल आणि तुम्ही तिथले रहिवासी असाल तर फिंगल काउंटी कौन्सिलसाठी मत देता येतं, उभंही राहता येतं. पुष्कळ मराठी मंडळींना हे ठाऊकच नसतं आणि ती मतदार यादीत नाव घालत नाहीत. राष्ट्राध्यक्ष आणि सार्वमत यांसाठी मात्र आयरिश नागरिकत्वच लागतं. ते घेतलं की भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो, कारण भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. मग ओसीआय कार्ड काढायचं.

कौन्सिलचे प्रभाग वेगळे असतात हेही लक्षात ठेवा. ब्लँचर्ड्सटाउन–मलहडर्ट, कॅसलनॉक आणि ओंगार हे प्रभाग आहेत, डॉलचे मतदारसंघ नव्हेत.

१५. जिंकलेल्या उमेदवाराची जादा मतं दुसऱ्याकडे जातात, तेव्हा नेमक्या कुठल्या मतपत्रिका जातात?

हा प्रश्न बारकाईने वाचणारेच विचारतात. डॉनेली यांचंच उदाहरण घ्या. कोट्याच्या वर जेवढी मतं, तेवढ्याच मतपत्रिका पुढे जातात. आधी त्यांच्या सगळ्या मतपत्रिका दुसऱ्या पसंतीप्रमाणे गठ्ठ्यांत लावतात, कुणाला किती वाटा द्यायचा ते प्रमाण काढतात आणि प्रत्येक गठ्ठ्याच्या वरून तेवढ्या पत्रिका उचलतात. दुसरी पसंती प्रमाणात जाते, पण उचललेल्या पत्रिकांवरची तिसरी-चौथी पसंती काय असेल हा थोडा नशिबाचा भाग. म्हणून मोजणीआधी सगळ्या मतपत्रिका नीट मिसळून घेतात. २००२ च्या यंत्रांनाही हेच मिसळणं शिकवलं होतं. शेवटच्या जागेसाठी अंतर पाच-दहा मतांचं असेल तर या मिसळण्याने फरक पडू शकतो, हे तिथले जाणकार मान्य करतात, आणि तरी पद्धत तीच चालू आहे.

१६. सीमा पुन्हा कधी बदलतील?

प्रत्येक जनगणनेनंतर आढावा होतो. घटनेप्रमाणे बारा वर्षांत एकदा तरी व्हायलाच हवा. २०२३ पासून हे काम नव्या कायमस्वरूपी निवडणूक आयोगाकडे आहे. त्याच्या पहिल्याच आढाव्याने डॉलच्या जागा १६० वरून १७४ झाल्या आणि त्यातली एक डब्लिन वेस्टला मिळाली. मात्र इथून पुढे जागा वाढणार नाही. एका मतदारसंघात कायद्याने पाचहून जास्त टीडी असत नाहीत. वस्ती आणखी वाढली तर एखादा तुकडा कापून शेजाऱ्याला द्यावा लागेल.